सोप्या वाटेचा आराखडा

डोंगरवाटांचे वर्गीकरण करताना 'सोपी', 'मध्यम' आणि 'अवघड' असे तीन शब्द सर्रास वापरले जातात. अवघड वाटेला निघणारा माणूस तयारीने निघतो. तो दोर घेतो, वाटाड्या शोधतो, हवामानाचा अंदाज पाहतो. सोप्या वाटेच्या वाट्याला मात्र ही काळजी येत नाही. सकाळी उशिरा उठून, पायात चपला घालून, हातात पाण्याची एक बाटली घेऊन आणि सोबत लहान मुले व वृद्ध यांना घेऊन जी मंडळी निघतात, ती बहुधा सोप्या वाटेलाच निघालेली असतात. वास्तविक वाट सोपी आहे याचा अर्थ इतकाच, की ती चालण्यास विशेष कौशल्य लागत नाही. तिला वेळ लागत नाही, पाणी लागत नाही किंवा तिथे अंधार पडत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

झाडीतून जाणारी, तळ्याच्या काठाला स्पर्श करणारी आणि निघालो तिथेच आणून सोडणारी गोल वाट ही सोप्या वाटांमधील सर्वांत लोकप्रिय. आल्या वाटेने परतण्याचा कंटाळा तिच्यात नसतो. प्रत्येक वळणावर नवे दृश्य दिसते आणि शेवटी आपण आपोआप मुक्कामी येतो. पण या 'आपोआप' शब्दातच तिची मेख आहे. सरळ जाऊन परतायच्या वाटेवर प्रत्येक पावलागणिक परतीचा हिशेब मनात चालू असतो, कारण जितके पुढे जावे तितकेच मागे यायचे असते. गोल वाटेवर तो हिशेब सुटतो. अर्धी वाट संपली की मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब होते आणि तिथून पुढे थकलेल्या माणसाला जवळचा रस्ता उरत नाही. म्हणून गोल वाटेचे नियोजन म्हणजे तिचा मध्य ओळखणे आणि त्या मध्यापूर्वी निर्णय घेणे. मुंबई-पुण्याच्या वाचकांना परिचित असलेल्या माथेरानच्या उदाहरणावरून हे नियोजन कसे करावे, ते समजून घेता येईल.

माथ्यावरचे रान

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी या ठिकाणाकडे इंग्रज अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले आणि पुढे येथे बंगले, रस्ते आणि दरीच्या कडेने 'पॉइंट' तयार झाले. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या खर्चातून उभी राहिलेली नेरळ-माथेरान छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला.

पदभ्रमणासाठी माथेरान सोयीचे ठरते ते त्याच्या भूरचनेमुळे. काळ्या बसाल्ट खडकावर जांभ्याचा जाड थर असलेले हे पठार माथ्यावर बरेचसे सपाट आहे. कडे तुटलेले असले तरी आतल्या भागात चढउतार किरकोळ आहेत. जांभूळ, अंजनी, हिरडा अशा झाडांचे निमसदाहरित जंगल पायवाटांवर जवळजवळ वर्षभर सावली धरते. अंजनीचे निळे-जांभळे झुपके उन्हाळ्याच्या तोंडाशी फांद्यांना अक्षरश: चिकटलेले दिसतात. पावसाळ्याच्या सुमारास शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ दरीत घुमते. खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापलीकडे प्रवेश नाही. त्यामुळे लाल मातीच्या या वाटांवर हॉर्नचा आवाज आणि धुराचा वास नसतो. शहरातल्या माणसाला एवढी शांतता अन्यत्र सहजी मिळत नाही.

मात्र याच वैशिष्ट्याची दुसरी बाजू लक्षात घ्यायला हवी. मोटार येत नाही म्हणजे थकलेल्या माणसाला घ्यायलाही ती येत नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी यांना अपवाद आहे, पण त्याही मुख्य रस्त्यापर्यंतच पोहोचू शकतात. कड्यालगतच्या पायवाटेवर पाय मुरगळला तर तिथून बाहेर पडण्याचे साधन म्हणजे सोबत्यांचे खांदे किंवा घोडा.

पान आणि देठ

या लेखात विचारात घेतलेली वाट अशी आहे : बाजारपेठेतून निघून नैर्ऋत्येकडे शार्लोट तलाव गाठायचा, तेथून पश्चिमेच्या कड्याने एको पॉइंटवरून उत्तरेकडे लुईझा पॉइंटपर्यंत जायचे आणि तेथून पूर्वेकडे वळून पुन्हा बाजारपेठेत यायचे. पॉइंटवरची ये-जा धरून हा वळसा पाच ते सहा किलोमीटरचा होतो. तलाव बाजारपेठेपासून दीड-दोन किलोमीटरवर असून वळशाचा मध्य साधारणपणे एको पॉइंटच्या आसपास येतो.

सहा किलोमीटर हा आकडा ऐकताना लहान वाटतो. शहरात सकाळी फिरायला जाणारी अनेक मंडळी रोज एवढे चालतात. पण इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. पानाला जसा देठ असतो तसा या वळशालाही आहे. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि तिथून बाजारपेठ अडीच ते तीन किलोमीटर दूर आहे. हा देठ जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा चालावा लागतो. म्हणजे सहा किलोमीटरची सहल प्रत्यक्षात बारा किलोमीटरची होते. त्यातही शेवटचे तीन किलोमीटर तेव्हा येतात, जेव्हा मनाने सहल संपलेली असते.

देठ वाचवण्याचे उपाय आहेत. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरान स्थानकापर्यंत छोट्या गाडीच्या फेऱ्या असतात. नेरळहून वर येणारी गाडी सर्वसाधारणपणे पावसाळ्यात बंद ठेवली जाते, पण वरच्या या छोट्या टप्प्यावरील फेऱ्या पावसाळ्यातही चालवल्या जातात. याच टप्प्यावर डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षाही सुरू झाल्या. घोडे तर पूर्वीपासून आहेतच. तथापि सुट्टीच्या दिवशी यांपैकी प्रत्येक साधनापुढे रांग असते. म्हणून नियोजन करताना देठ पायीच चालायचा आहे असे गृहीत धरावे. वाहन मिळाले तर तो वेळ शिल्लक पडेल. वाहन गृहीत धरून आखलेला बेत मात्र ते न मिळाल्यास संध्याकाळी कोसळतो.

अंतर नव्हे, तास मोजावेत

डोंगरात अंतरापेक्षा वेळ महत्त्वाचा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये यासाठी एक साधा नियम मांडला : दर तीन मैलांना एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास मिळवावा. आजच्या मापात तो ताशी सुमारे पाच किलोमीटर आणि सहाशे मीटर चढाईला एक तास असा होतो. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या, धडधाकट आणि सराव असलेल्या माणसाचा आहे. लहान मुले, साठी ओलांडलेली माणसे आणि छायाचित्रे काढणारी तरुण मंडळी असा मिश्र कुटुंबमेळा ताशी तीन किलोमीटरपेक्षा वेगाने क्वचितच चालतो.

आता हिशेब मांडता येतो. बारा किलोमीटर ताशी तीनच्या वेगाने चालायला चार तास लागतात. तलावाकाठी अर्धा तास, एको पॉइंटवर पंधरा मिनिटे, लुईझा पॉइंटवर वीस मिनिटे आणि बाजारपेठेत जेवणासाठी पाऊण तास धरला तर आणखी जवळजवळ दोन तास होतात. एकूण सहा तास. त्यावर एक तास राखीव ठेवावा. कारण कोणाच्या तरी चपलेचा पट्टा तुटतो, एखादे मूल हट्ट धरते किंवा एखादा फाटा चुकतो.

हा आकडा एकदा डोळ्यांपुढे आला की निघण्याची वेळ आपोआप ठरते. सकाळी नऊला दस्तुरीहून पायी निघालेला गट सर्व थांबे घेऊन दुपारी तीनपर्यंत परत येतो आणि राखीव तास खर्च झाला तरी चार वाजतात. तोच गट दुपारी बाराला निघाला तर काहीही न बिघडता सहाला परततो आणि एखादा तास बिघडला तर सातला. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. उष्ण कटिबंधातील संधिप्रकाश अल्पजीवी असतो. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. दाट झाडीखाली तर सूर्य मावळण्यापूर्वी अर्धा तास आधीच अंधारून येते. मे-जूनमध्ये सूर्यास्त सात-सव्वासातपर्यंत लांबतो, पण तेव्हा उन्हाची किंवा पावसाची अडचण असते.

या हिशेबावरून एक मर्यादा पक्की करता येते. हिवाळ्यात बाजारपेठेतून वळशाला निघायला दुपारचा सव्वा वाजून गेला असेल, तर पूर्ण वळशाचा बेत सोडून द्यावा आणि तलावापर्यंत जाऊन आल्या वाटेने परतावे. हा नियम घरूनच ठरवून निघावा. वर पोहोचल्यावर, समोर सुंदर वाट दिसत असताना तो करणे कोणालाच जमत नाही.

मुंबईहून लोकलने येणाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून नेरळपर्यंत सुमारे दोन तास लागतात. नेरळ स्थानकाबाहेर दस्तुरीपर्यंत सामायिक टॅक्सी मिळतात आणि घाट चढायला साधारण अर्धा तास पुरतो. पुण्याहून रेल्वेने येणाऱ्यांनी कर्जतला उतरून नेरळची लोकल धरावी. थोडक्यात, मुंबईतून सहाच्या आत निघाल्याशिवाय नऊला दस्तुरी गाठणे कठीण. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी वर एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी वळसा घालणे अधिक श्रेयस्कर.

प्रदक्षिणेची दिशा

गोल वाट कोणत्याही दिशेने चालता येते. पण दिशा निवडण्यामागे विचार असावा. माथेरानच्या या वळशासाठी प्रदक्षिणेची दिशा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जाणे, तीन कारणांनी सोयीचे आहे. पहिले असे, की बाजारपेठेतून तलावाकडे जाणारी वाट रुंद, वर्दळीची आणि चुकण्यास अवघड आहे. सुरुवातीलाच ती चालून झाली की सोबतच्या प्रत्येकाचा वेग आणि दम यांचा अंदाज येतो. दुसरे असे, की पश्चिमेचा कडा दुपारनंतर उन्हात तापतो. सकाळी निघालेला गट तेथून दुपारपूर्वीच पार होतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. प्रदक्षिणेत देव नेहमी उजव्या हाताला असतो. त्याचप्रमाणे या वळशात गाव सतत उजव्या हाताला राहते आणि तलाव सोडल्यावर दरी डाव्या हाताला. नकाशा नसला, मोबाइलची रेंज गेली किंवा धुके उतरले, तरी एवढे ध्यानात ठेवले की दिशा सुटत नाही. दरी उजवीकडे दिसू लागली तर आपण फिरून उलटे निघालो आहोत, हे लहान मुलालाही कळते. निघण्यापूर्वी मुलांना हे एक वाक्य सांगून ठेवणे उपयुक्त ठरते.

तलावाचे पाणी

बाजारपेठ मागे पडली की बंगल्यांची जुनी आवारे लागतात आणि मग झाडी दाटत जाते. पायाखाली जांभ्याची लाल माती असते. उन्हाळ्यात तिची भुकटी होते आणि परतल्यावर बूट, मोजे, पँटचा काठ सारे तांबूस झालेले असते. तलाव अचानक समोर येतो. बांध घालून अडवलेले हे पाणी माथेरानच्या पाणीपुरवठ्याचा जुना आधार आहे. काठाशी माथेरानचे ग्रामदैवत असलेल्या पिसारनाथाचे, म्हणजे शंकराचे मंदिर आहे.

इथे एक सूचना ठळकपणे द्यायला हवी. या तलावात उतरू नये. पोहू तर नयेच, पण पाय बुडवायलाही खाली जाऊ नये. पिण्याच्या पाण्यात उतरण्यास मनाई आहे एवढेच त्याचे कारण नाही. जून २०२५ मध्ये नवी मुंबईहून सहलीला आलेल्या मित्रांच्या गटातील तिघे तरुण याच तलावात बुडून मृत्युमुखी पडले. बांध घालून तयार झालेला तलाव हा मुळात बुडालेली दरी असतो. गावच्या नदीकाठासारखा हळूहळू खोल होत जाणारा उथळ भाग त्याला असतोच असे नाही. काठापासून चार पावलांवर तळ एकदम खाली जाऊ शकतो. जांभ्याचा चिखल आणि शेवाळ यांमुळे तिथे पाय टिकत नाही आणि अंगावर भिजलेले कपडे असले की चांगला पोहणाराही लवकर थकतो. पावसाळ्याच्या आरंभी पाणी गढूळ असल्याने खोलीचा अंदाज डोळ्यांना येत नाही.

अशा घटनांत एकामागून एक माणसे का बुडतात, हेही समजून घ्यावे. एक जण घसरतो आणि दुसरा त्याला वाचवायला झेप घेतो. बुडणारा माणूस जिवाच्या आकांताने हाताला येईल त्याला मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. म्हणून पाण्यात उडी न घेता काठावरूनच मदत करावी. ओढणी, पट्टा, लांब फांदी किंवा दोरी फेकावी, रिकामी बंद बाटली किंवा डबा फेकला तरी तरंगायला आधार होतो. त्याच वेळी दुसऱ्याने आरडाओरडा करून माणसे जमवावीत आणि ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. सोप्या सहलीच्या नियोजनात हा विषय अनेकांना अभद्र वाटेल. पण चार मित्र तलावाकाठी बसण्यापूर्वी एकमेकांशी हे बोललेले असतील, तर पाण्यात उतरण्याची पहिली थट्टाच होणार नाही.

अर्धी प्रदक्षिणा

तलावाचा बांध हे या वळशातील निर्णयाचे ठिकाण आहे. गावापासून ते फार दूर नाही, माणसांची वर्दळ आहे आणि परतीची वाट नुकतीच पायाखालून गेलेली आहे. इथून पुढे कड्यालगतची वाट अरुंद होते आणि माणसे विरळ होतात. वळशाचा मध्य थोडा पुढे असला तरी तिथे पोहोचून निर्णय घेण्यात अर्थ नाही, कारण तिथून मागे काय आणि पुढे काय, अंतर सारखेच असते.

म्हणून तलावाकाठची विश्रांती संपवताना गटाने स्वत:ला तीन प्रश्न विचारावेत. ठरवलेल्या वेळेपेक्षा आपण किती मागे आहोत? निघताना घेतलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक शिल्लक आहे का? आणि आपल्यातील सर्वांत हळू चालणारा माणूस आता कसा आहे? तिसरा प्रश्न त्या माणसाला थेट विचारून उपयोग नाही. आजोबा 'मला काही झालेले नाही' असेच म्हणणार. त्यांचे चालणे पाहावे, बोलणे कमी झाले आहे का ते पाहावे, बसल्यावर उठताना कशाचा आधार घ्यावा लागतो ते पाहावे. तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर पुढे जावे. एक जरी नसेल तर आल्या वाटेने परतावे.

परत फिरणे अनेकांना कमीपणाचे वाटते. पैसे आणि सुट्टी खर्चून आल्यावर अर्ध्यातून का जायचे, असा त्यामागचा विचार असतो. पण ज्या देवाचे मंदिर या काठावर आहे, त्याच्या पूजेतच याचे उत्तर आहे. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. सोमसूत्रापर्यंत जायचे, ते न ओलांडता मागे फिरायचे आणि आल्या वाटेने यायचे, हीच तिथली रीत. ती अर्धी प्रदक्षिणा कोणी अपुरी समजत नाही. तलावापर्यंतची सहल ही तशीच स्वत:त पूर्ण असलेली गोष्ट आहे. बेत आखतानाच 'तलावापर्यंत नक्की, पुढे जमल्यास' असे म्हटले, तर परत फिरताना कोणाचाही हिरमोड होत नाही.

कड्यालगतची वाट

पुढे जाणाऱ्यांसाठी पश्चिमेचा कडा हे या वळशाचे खरे आकर्षण. एको पॉइंटवर हाक मारली की समोरच्या कातळावरून ती परत येते. लुईझा पॉइंटवरून प्रबळगडाचे रुंद पठार दिसते. हवा स्वच्छ असेल तर खालची शेते आणि वाड्या स्पष्ट ओळखू येतात. काही ठिकाणी कठडे आहेत, सर्वत्र नाहीत. जांभा हा सच्छिद्र आणि कडेला ठिसूळ होत जाणारा खडक आहे. वरून भक्कम दिसणारी कड खालून पोखरलेली असू शकते. म्हणून कठडा ओलांडून छायाचित्र काढणे आणि कडेवर बसून पाय सोडणे हे दोन्ही कटाक्षाने टाळावे.

माथेरानच्या वाटांची दुसरी अडचण म्हणजे त्या एकमेकींसारख्या दिसतात. पॉइंटकडे जाणाऱ्या, बंगल्यांकडे जाणाऱ्या आणि घोडेवाल्यांनी सोयीसाठी पाडलेल्या अशा सगळ्या वाटा लालच असतात. फाट्यांवर बऱ्याच ठिकाणी पाट्या आहेत. त्या वाचूनच वळावे आणि शक्य तर प्रत्येक फाट्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. मागे यायची वेळ आली तर तीच खूण उपयोगी पडते.

त्याहून महत्त्वाची खूण पायांना कळते. हा वळसा पठारावरचा आहे आणि त्यात दीर्घ उतार कुठेच नाही. वाट सलग दहा मिनिटे खाली उतरत राहिली तर ती वळशाची वाट नव्हे, हे निश्चित समजावे. माथेरानवरून पायथ्याच्या गावांकडे उतरणाऱ्या अनेक जुन्या वाटा आहेत. दक्षिणेकडे वन ट्री हिलजवळून उतरणारी 'शिवाजीची शिडी' त्यांपैकीच एक. या वाटा तयारीने येणाऱ्या गिरिप्रेमींसाठी आहेत. चुकून त्यांना लागलेला कुटुंबमेळा तासाभराने दरीच्या मध्यावर असतो आणि मग सारी चढाई समोर उभी राहते. सलग उतार लागताच थांबावे आणि शेवटच्या ओळखीच्या फाट्यापर्यंत मागे यावे.

समोरून घोडा आल्यास दरीच्या बाजूला सरकू नये. झाडीच्या बाजूला उभे राहून त्याला जाऊ द्यावे. घोडा बिचकला तर धक्का दरीच्या दिशेने बसण्याचा धोका असतो. माकडांबाबतही थोडी शिस्त हवी. हातात खाद्यपदार्थ किंवा खुळखुळणारी पिशवी दिसली की ती झडप घालतात. खाणे पाठीवरच्या सॅकमध्ये बंद ठेवावे आणि मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नये. माकडांना खाऊ घालणे हे तर पुढच्या पर्यटकावर अन्याय करणेच होय.

ऋतू आणि शिदोरी

या वाटेसाठी पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्च ते मे या काळात सावली असली तरी तहान अधिक लागते आणि गर्दीही असते. पावसाळ्यात माथेरानचे रूप अनुपम असते यात शंका नाही. पण तेव्हा जांभ्यावर शेवाळ चढते, दरीतून वर येणारे धुके पाच-दहा पावलांपलीकडचे झाकून टाकते आणि कडा कुठे संपतो ते कळत नाही. पावसात यायचेच असेल तर कड्यालगतचा भाग वगळून गावातल्या रुंद रस्त्यांवर आणि तलावापर्यंतच फिरावे. वाऱ्या-पावसाच्या दिवशी अतिदक्षतेचे इशारे दिलेले असतील तर बेत रद्द करावा.

शिदोरी फार लागत नाही. दर माणशी तासाला अर्धा लिटर पाणी हे प्रमाण धरले, तर वळशाच्या तीन तासांसाठी प्रत्येकाजवळ दीड लिटर असावे. बाजारपेठेत पाणी पुन्हा भरून घेता येते. कड्यावर तशी सोय गृहीत धरू नये. चपलांऐवजी तळाला खाचा असलेले बूट, छोटी विजेरी, शिट्टी, मुरगळलेल्या पायासाठी क्रेप बँडेज, नेहमीची औषधे आणि चार्ज केलेला मोबाइल एवढे सामान एका सॅकमध्ये मावते. विजेरी दिवसाच्या सहलीला कशाला, असे वाटेल. पण ती लागते ती बेत बिघडल्यावरच. मोबाइलची रेंज कड्याच्या काही भागात जाते-येते. त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि घरच्या किंवा हॉटेलच्या माणसाला वाट, परतण्याची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास चौकशी करायची, हे सांगून निघावे.

गटाची चाल सर्वांत हळू माणसाच्या चालीने ठेवावी. तो मागे एकटा पडू नये म्हणून वाट जाणणारा एक जण पुढे आणि सशक्त असा एक जण शेवटी असावा. फाट्यावर पुढच्यांनी मागचे येईपर्यंत थांबावे. कोणाचा पाय मुरगळला तर बूट न काढता पाय उंच ठेवावा, वरून बँडेज बांधावे आणि दोघांनी गावाकडे जाऊन घोडा किंवा मदत आणावी. जखमी माणसाला एकटे सोडू नये. माथेरानचे रुग्णालय गावातच आहे, हे अशा वेळी धीर देणारे ठरते.

मागे काय उरते

प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरीही वेफर्सची पाकिटे आणि बाटल्या पायवाटांच्या कडेला सापडतात. पठारावर टाकलेला कचरा पहिल्या पावसात उताराने वाहत जातो आणि त्यातला काही थेट तलावात उतरतो. ज्या तलावाचे पाणी गावाने प्यायचे, त्याच्या काठावर बसून खाल्लेल्या पदार्थांची वेष्टने सॅकमध्येच परत आणणे ही किमान सभ्यता होय. त्यासाठी एक रिकामी पिशवी सोबत असली म्हणजे पुरे.

एवढा खटाटोप केल्यावर सहलीतली मजा निघून जाईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अनुभव नेमका उलट असतो. निघण्याची वेळ ठरलेली असली, मागे फिरण्याची जागा ठरलेली असली आणि सोबतच्या म्हाताऱ्या माणसाचा विचार आधीच केलेला असला, की वाटेवर घड्याळाकडे सारखे पाहावे लागत नाही. अंजनीच्या झाडाखाली थांबता येते आणि प्रबळगडावरची ढगांची सावली सरकताना निवांत पाहता येते. या साऱ्यासाठी शनिवारी रात्री एका कागदावर पाच ओळी लिहून ठेवाव्यात : किती वाजता निघायचे, एकूण किती तास लागणार, तलावावर किती वाजता असायला हवे, तिथून परत फिरण्याच्या अटी कोणत्या आणि घरी कोणाला कळवायचे. तो कागद खिशात असला की रविवारची सकाळ निश्चिंतपणे वाटेला लागू शकते.